पूर आल्यावर उघडणारी खोली

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रोज दुपारी तीन ते पाच आम्ही आठजणी बसायचो. दोन गाड्यांच्या मधली जागा, एक जुनी सतरंजी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ज्यांचे गुडघे अगदीच गेलेत त्यांना कुणाच्यातरी नातवाचं अभ्यासाचं स्टूल. टाळांची जोडी एकच, ती आळीपाळीनं. एखाद दिवशी भजन व्हायचं, एखाद दिवशी नुसत्या शेंगा फोडत नाहीतर मेथी निवडत गप्पा, संक्रांतीच्या आधी तीळ निवडायला सगळ्यांचे डबे तिथंच यायचे आणि एकीला दिसत नाही म्हणून दुसरी तिच्या ताटातले खडे काढून द्यायची. मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की पार्किंग ही गाड्यांची जागा आहे, तिथं बसू नये, आवाज होतो, उद्या कुणाला लागलं बिगलं तर जबाबदार कोण. लिफ्टशेजारी नोटीस लागली. त्या मीटिंगला आमच्यातलं कुणीच नव्हतं, कारण फ्लॅट मुलांच्या नावावर, मीटिंगला मुलगे गेले, आणि खरं सांगते, कुणाच्याच मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्याही नाही. "आई, घरी एवढा मोठा हॉल आहे की, बोलव सगळ्यांना" असं म्हणाला, आणि चांगल्या मनानंच म्हणाला. पण सुनेच्या हॉलमध्ये सासूच्या सात मैत्रिणी रोज दोन तास बसू शकत नाहीत, हे कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही.

आठाच्या पाच झालो, मग तिघी, आता कुणीच बसत नाही. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्का, वय एकोणऐंशी, गेल्या आठ महिन्यांत दोनदा खाली आल्या आणि दोन्ही वेळा दवाखान्यात जायला.

हे छोटं प्रकरण आहे हे मला कळतं. कुणी मेलं नाही, कुणाला घराबाहेर काढलं नाही, पेपरात बातमी येण्यासारखं काही नाही. पण वयस्कर माणसांबद्दल आपल्याकडं जेव्हा जेव्हा बोलतात तेव्हा दोनच गोष्टी बोलतात, एक औषधपाणी आणि दुसरं म्हणजे मुलं बघतात का नाही. माणूस साठीनंतर पंधरा-वीस वर्षं जगतो, त्यात त्याला रोज काहीतरी बरं वाटायला पाहिजे, कुणाशी तरी बोलायला पाहिजे, हे कुणाच्या यादीतच नसतं. आणि बायकांच्या बाबतीत तर नाहीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की म्हाताऱ्या बाईला घराबाहेर, तळमजल्यावर, संडास-बाथरूम असलेली, दुपारी उघडी असणारी एक खोली पाहिजे, ती देणं हे गावाचं काम आहे, आणि ती खोली आपल्याकडं ऑलरेडी आहे. कशी ते पुढं सांगते.

आधी पुरुषांचं. सांगलीत संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर पडा आणि बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर वारं खात उभे असलेले, घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले, आमराई बागेत चार फेऱ्या मारून बाकड्यावर विसावलेले, चहाच्या गाड्यावर, कटिंगच्या दुकानात, देवळाच्या कट्ट्यावर, सगळे आमच्याच वयाचे, आणि शंभरातले नव्वद पुरुष. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट छान वाटतं. आमचे हे सुद्धा होते त्यात. बँकेतनं रिटायर झाल्यावर पंधरा दिवस घरात चिडचिड केली, मग पुलावरचा ग्रुप सापडला आणि माणूस बदलला, रात्री झोप लागायला लागली, बीपीची गोळी सुद्धा डॉक्टरांनी अर्धी केली. म्हणजे काय होतं माणसाला चारचौघांत बसल्यानं, हे मी घरातच बघितलंय. पुलावरून आले की ह्यांना चहा लागायचा. तो चहा सहाला तयार पाहिजे म्हणून मी साडेपाचला घरात. सगळ्या पुरुषांची बाहेर पडायची जी वेळ, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, ती सगळ्या बायकांची गॅसपुढं उभं राहायची वेळ आहे. आमराईत बायकांना कुणी अडवत नाही. पण त्या वेळेला जाणार कोण?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, शाल श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, पोरींनी रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठून डबे केले, कारण मुलाला आणि सुनेला कामावर जायचं होतं. शाळेतनं रिटायर झाले, स्वयंपाकघरातनं बाई रिटायर होत नाही. ज्या बायकांनी नोकरी केलीच नाही त्यांना तर शाल सुद्धा नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचं मोठं सर्वेक्षण केलं होतं, त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे ९७ असं निघालं. २०२४ ला परत केलं तेव्हा २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत आमची दहा मिनिटं वाचली, आणि त्यांची नऊ. त्यात नातवंडं आली. नातवंडं सांभाळणं हा आनंद आहे, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये, माझा धाकटा नातू मांडीवर झोपला की मला दुसरं काही नको असतं. पण तो आनंद सुद्धा ड्युटी झाली की दमवतो. आणि त्यातनं जे दोन तास मोकळे मिळतात ते दुपारी, तीन ते पाच. त्या वेळी देऊळ बंद, वाचनालय बहुतेक बंद, बागेत ऊन. त्या दोन तासांसाठी गावात एकही उघडा दरवाजा नाही.

पूर्वी असं नव्हतं, आणि पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यातली मी नाही. आम्ही गावभागात एका वाड्यात राहायचो, अकरा बिऱ्हाडं, दोन संडास, सकाळी रांग, भांडणं सुद्धा तेवढीच. पण वाड्याला सोपा होता, चौक होता. दुपारी कुणी कुणाला बोलावत नव्हतं, आपलं निवडण-टिपण घेऊन बाहेर बसलं की झालं. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या तर चिक एकीच्या घरात शिजायचा आणि घालायला सगळ्या. नवरात्रात हादग्याला मुली फेर धरायच्या आणि म्हाताऱ्या पाटावर बसून गाणी सांगायच्या, कारण सगळी गाणी पाठ त्यांनाच. आत्ता बघते तर चाळिशीच्या आतल्या बायकांना ती येत नाहीत आणि ज्यांना येतात त्यांना विचारायला कोण जात नाही. हळदीच्या हंगामात तर गल्लीतल्या कितीतरी बायका व्यापाऱ्यांच्या गोडाऊनला हळद निवडायला जायच्या, हात पिवळे, पदर पिवळा, तिथंही मजुरीबरोबर गप्पा व्हायच्याच. त्या बायकांना आता कोण पेन्शन देणार, पण त्याकडं नंतर येते.

२००५ च्या पुरात वाड्याच्या मातीच्या भिंती भिजल्या त्या भिजल्याच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ ची आहे म्हणजे बघा. मागची भिंत बसली. मग वाडा बिल्डरला गेला आणि नवीन बिल्डिंग झाली. आता पुराच्या गावात तळमजल्यावर घर बांधायला कुणी धजत नाही, खाली पार्किंग आणि वर घरं, ते बरोबरच आहे, जीव वाचतो, सामान वाचतं. फक्त त्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही की घराचा उंबरा आणि जमीन यांच्यात दहा-वीस फूट अंतर पडलं. वाड्यात म्हातारी बाई उंबरा ओलांडली की माणसांत. आता उंबरा ओलांडला की लिफ्ट, लाईट गेली की लिफ्ट बंद, आणि खाली उतरलं तरी बसायला पार्किंग. तेही आता गेलं.

आता त्या खोलीबद्दल सांगते. २०१९ ला पाणी चढायला लागलं तसं आम्हाला बाहेर काढून एका शाळेत नेलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आमच्या वर्गात पंचवीस-तीस जणी, त्यातल्या निम्म्या साठीच्या पुढच्या. पहिले दोन दिवस नुसती रड. घरात किती पाणी आलं, गॅस वर ठेवला का, म्हैस कुठं गेली, पोरगं फोन का उचलत नाही. तिसऱ्या दिवसापासनं काहीतरी बदलत गेलं. जेवण बाहेरनं यायचं, कुठनं कुठनं गाड्या भरून भाकरी यायच्या, म्हणजे स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, डबे नाहीत. त्या वर्गात आमच्या गल्लीतल्या बायका होत्या, नदीकाठच्या झोपडपट्टीतल्या होत्या, मुसलमान बायका होत्या, एरवी ज्यांच्या घरचं पाणी आम्ही प्यालो नसतो आणि त्यांनी आम्हाला दिलं नसतं अशा सगळ्या एका फळ्याखाली झोपायच्या. रात्री लाईट नसायची. एका आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या आईच्या, भावावरच्या, आणि एकेक करत सगळ्यांना आपापल्या आठवायला लागल्या. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं पण त्यातल्या निम्म्या ओव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. पाणी उतरल्यावर घरी जायचा दिवस आला तेव्हा त्या आजी मला म्हणाल्या, "बाई, चिखल काढायचा हाय म्हाईत हाय मला, पर आठ दिस माहेरपण झालं वो." त्यांचं घर गेलं होतं. पूर्ण गेलं होतं. तरी म्हणाल्या.

हे ऐकून मला त्या वेळी हसू नाही आलं, भीती वाटली. आपल्या बायकांना एकत्र बसायला मिळावं म्हणून कृष्णामाईला पात्र सोडून यावं लागतं का? तीच खोली, तोच फळा, तेच संडास, एरवी वर्षभर कुलूप. मी शाळेतली आहे म्हणून मला माहितीय, पट कमी झाल्यामुळं कितीतरी सरकारी शाळांत एक-दोन वर्ग रिकामे आहेत, मोडकी बाकं आणि जुने तक्ते ठेवायला वापरतात. शाळा तळमजल्यावर असते किंवा निदान काही वर्ग तरी असतात. रॅम्प असतो. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सांगितलंय. पाणी असतं. आणि मेन म्हणजे शाळा घराजवळ असते, रिक्षा लागत नाही. जिथं बालवाडी भरते तो वर्ग तर बारा-एकला मोकळाच होतो.

स्वच्छतागृहावर थोडं जास्त बोलणार आहे, कुणाला आवडो न आवडो. साठीनंतरच्या बाईचं अर्धं घराबाहेर पडणं ह्या एका गोष्टीवर अडतं आणि ती कुणाला सांगत नाही. तीन-चार बाळंतपणं झालेली असतात, शिंकलं तरी थेंब येतो, डायबेटिस असला तर तासातासाला, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली तर विचारूच नका. मग बाई काय करते, लग्नाला जायचं असलं की सकाळची गोळी घेत नाही आणि सकाळपासनं पाणी पीत नाही. घरी येऊन जळजळ, ताप, मग अँटिबायोटिक. डॉक्टर विचारतात पाणी का नाही पीत आजी, आजी गप्प. मी स्वतः एका मोठ्या एसटी स्टँडवर आत जाऊन परत फिरले आहे, आत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दोन तासाचा प्रवास तसाच केला आहे, तो प्रवास मी विसरणार नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासनं "राईट टू पी" म्हणून चळवळ चालवली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडनं पैसे का घेता हा त्यांचा साधा प्रश्न होता. तो प्रश्न आमच्याकडं तालुक्याच्या गावात कोण विचारतंय? आणि विचारला तर म्हातारीनं विचारावा, कारण तरुण बाई कशीतरी दम धरते.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक केलं, त्याचा अभिमान आम्हाला शाळेत असल्यापासनं आहे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, भावे पदक दिलं जातं. नाटक हा माझा सगळ्यात मोठा शौक. पण रात्री साडेनऊचा प्रयोग, बारा-साडेबाराला सुटणार, रिक्षावाला म्हणेल ते भाडं, आणि अंधारात पायऱ्या. लहान गावातनं येणाऱ्या बाईचा तर प्रश्नच मिटला, शेवटची गाडी गेलेली असते. महिन्यातनं एक प्रयोग दुपारी तीनला करा की. थिएटर रिकामं राहील म्हणता, एकदा करून तरी बघा, पहिल्या चार रांगा आम्ही भरतो.

कारण अडचण काढली की बायका बाहेर पडतात, हे आता सिद्ध झालंय. ऑगस्ट २०२२ पासनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासनं सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासनं नरसोबाच्या वाडीच्या गाडीत बसून बघा, औदुंबरच्या गाडीत बसून बघा. ज्या बायकांना आयुष्यात एकटीनं गावाबाहेर जाताना कुणी बघितलं नव्हतं त्या चौघी-चौघी मिळून जातात, डबा नेतात, दर्शन घेतात, पेढे-बासुंदी आणतात, संध्याकाळी परत. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर पहिल्या महिन्यात सात ठिकाणं केली, पंढरपूर, जोतिबा, कुठं कुठं. घरचे म्हणाले आजीला काय झालंय. काही झालं नव्हतं, आजींना आत्तापर्यंत प्रत्येक वेळी तिकिटाला पैसे मागावे लागत होते एवढंच. देवाला जाते म्हणलं की कुणी नको म्हणत नाही म्हणून बायका देवाला जातात, त्यात भक्ती आहेच, पण खिडकीची सीट पण आहे, आणि मला दोन्ही सारखंच पवित्र वाटतं. फक्त एसटीची पहिली पायरी एवढी उंच का ठेवतात हे मला आजवर कळलेलं नाही.

आता एक नाजूक विषय. आमच्या आठजणींत पाच विधवा होतो. यात नवल काही नाही, नवरा वयानं चार-आठ वर्षांनी मोठा, पुरुष आधी जातात, आणि बायको गेली तर पुरुष दुसरं लग्न करतो, बाई करत नाही, त्यामुळं साठीनंतरच्या बायकांत विधवांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आणि आपल्या सगळ्या बायकांच्या सणांतनं नेमकं ह्यांनाच वगळलेलं आहे. चैत्रातलं हळदीकुंकू, संक्रांतीचं वाण, मंगळागौर, ओटी भरणं, डोहाळजेवण, कशाकशात पुढं यायचं नाही. आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. पहिल्या संक्रांतीला शेजारणीनं आमच्या दारावरनं पुढच्या दारात जाऊन बोलावणं केलं, मला बघून मान खाली घातली, तिलाही वाईट वाटत होतं. तिच्यावर माझा राग नाही. पण बाईचं म्हातारपण म्हणजे बहुतेक विधवापण, आणि विधवेला सणात जागा नाही, म्हणजे जेव्हा माणसांची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच परंपरा आपला हात काढून घेते. मला ती परंपरा मोडायची नाही, मला त्यात परत आत घ्या एवढंच पाहिजे. इथनं जवळच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे, त्या गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणून लगेच मनं बदलत नाहीत हे मलाही माहितीय, पण निदान बोलायला आधार झाला. पार्किंगमध्ये आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं होतं, मागच्या वर्षीच्या रथसप्तमीच्या आधी. आक्कांनी लावून घेतलं आणि किती वेळ कपाळाला हातच लावत होत्या. असलं धाडस स्वतःच्या घरच्या हॉलमध्ये होत नाही, तिथं जावा-नणंदा, सुनेच्या माहेरचे, फोटो. त्याला अशी जागा लागते जी कुणाच्याच घराची नाही.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. आई-वडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा आहे, मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, महिना दहा हजारापर्यंत पोटगी मिळू शकते, सांभाळायच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. हे प्रत्येक आईला माहिती पाहिजे. त्याच कायद्यात जिल्ह्याला एका वृद्धाश्रमाची, दवाखान्यात वेगळ्या रांगेची तरतूद आहे. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासनं दवाखान्याच्या खर्चासाठी आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे. श्रावणबाळ योजनेतल्या पेन्शनचे महिना पंधराशे आहेत, ते पण वर्षाचं घरचं उत्पन्न एकवीस हजाराच्या आत असलं तर, आणि हळद निवडून हात पिवळे केलेल्या बायकांना तेवढाच आधार. हे सगळं असावं, वाढावं. पण ह्या सगळ्या कायद्यांतनं जी म्हातारी दिसते ती एकतर आजारी आहे, नाहीतर टाकून दिलेली. मुलं चांगली आहेत, जेवण वेळेवर मिळतं, औषधं आणून देतात, आणि तरी दिवसभर चार वाक्यं सुद्धा कुणी तिच्याशी बोलत नाही, अशी म्हातारी कुठल्याच योजनेत बसत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा जाणवतो असं म्हणलंय, आणि त्यानं हृदयविकार, पक्षाघात वाढतो असंही. म्हणजे गप्पा मारणं हे सुद्धा औषधपाण्यातच धरायला हवं.

ह्यावर मला लोक जे म्हणतात तेही सांगते. एक म्हणजे "मोबाईल आहे की". आहे, आणि मला वापरता येतो, आमचा ग्रुप आहे, सकाळी फुलांचे फोटो येतात. पण मोबाईल तिळातले खडे काढून देत नाही. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही त्यांना तो काय कामाचा. दुसरं म्हणजे "ज्येष्ठ नागरिक संघ आहेत". आहेत, आणि गावोगावी चांगलं काम करतात, व्याख्यानं, आरोग्य शिबिरं, वाढदिवस, सहली. पण वर्गणी, वर गेलेला जिना, कार्यक्रमाची वेळ सहाची आणि माईकवर बोलणारे रिटायर्ड साहेब, ह्यात आमच्या आक्का कुठं बसणार? त्यांना भाषण ऐकायचं नाहीय, त्यांना बोलायचंय. तिसरं, हे मात्र घरातनंच येतं, "दुपारी तू गेलीस तर बाळ शाळेतनं आल्यावर कोण?" ह्याला माझ्याकडं एकच उत्तर आहे, बाळालाही घेऊन जाईन. चौथं म्हणजे पुरुष एकटे नसतात का. असतात, फार असतात, बायको गेल्यावर ज्याला चहा सुद्धा करता येत नाही असा पुरुष आमच्यापेक्षा जास्त हाल काढतो, त्यानंही यावं, आठवड्यातले दोन दिवस सगळ्यांसाठी ठेवा. बाकीचे दिवस मात्र बायकांचे पाहिजेत, कारण पुरुष आला की बायका पदर सारखा करून गप्प बसतात, आमच्या पिढीचं ते असंच आहे.

आणि शाळेला काय मिळणार असं विचारतात. मुलांना वाचून दाखवायला माणूस नसतं. एक शिक्षक, दोन-दोन वर्ग. तिथं दहा आज्या दुपारी बसलेल्या असल्या तर अर्धा तास गोष्ट सांगतील, पाढे म्हणून घेतील, हादग्याला फेर धरायला लावतील, एखादी हुलग्याचं माडगं करून पाजेल पावसाळ्यात. ज्या पोरांच्या घरी आजी नाही त्यांना आजी मिळेल. मुलांच्या सुरक्षेचं काय असं कुणी म्हणालं तर ते बरोबर आहे, रजिस्टर ठेवा, आधार बघा, दार वेगळं करा. खर्च किती? एक ट्यूबलाईट, एक पंखा, भिंतीला धरायला दांडी, कमोडचं एक भांडं, वीस खुर्च्या. गावात एका चौकाच्या सुशोभीकरणाला ह्याच्यापेक्षा जास्त लागतात, आणि त्या चौकात कुणाला बसता येत नाही.

मी दोन महिन्यांपूर्वी जवळच्या एका शाळेत अर्ज दिलाय. मुख्याध्यापक बाई भल्या आहेत, त्यांनी कुलूप काढून वर्ग दाखवला. कोपऱ्यात बाकांची चळत, फळ्यावर कुठल्यातरी जुन्या परीक्षेचं वेळापत्रक तसंच, भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची पिवळट रेघ अजून दिसते. त्या म्हणाल्या वरनं परवानगी लागेल, शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेते, मग पुढं पाठवते. समितीची मीटिंग ह्या महिन्यात आहे. मी सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, एकोणीस झाल्या, सात अंगठे धरून.

आक्कांचा अंगठा घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. कागदावर काय लिहिलंय ते विचारलं नाही त्यांनी. "पायऱ्या किती हाईत गं?" म्हणाल्या. म्हणलं एकच आहे, ती पण बुटकी. मग म्हणाल्या थांब, आणि आतनं टाळ काढून आणून माझ्या पिशवीत ठेवले.